दोनच्या वर कुणी जायचं न्हाई

हणम्या, लेका, माजी सैनिक संघटनेच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहायला मला सांगितलंय. पलटणीत मी क्लार्क होतो. तेव्हापासून कुणी गेलं, कुणी रिटायर झालं, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, की लेखणी माझ्याच हातात कोंबतात. "हवालदार, सुभेदार साहेबांवर जरा चांगलं लिवा," म्हणाले. लिहितो की चांगलं. असं लिहितो की असशील तिथं तुझे कान लाल झाले पाहिजेत.

गेल्या महिन्यात तुझं तेरावं झालं. तालमीपुढं मांडव घातला होता. तुझा वर्दीतला फोटो, त्याला हार, आणि मागं फ्लेक्स. फ्लेक्सवर काय लिहिलं होतं, सांगू? 'शेवटच्या श्वासापर्यंत ज्यांनी कधी दुखलं-खुपलं सांगितलं नाही.' सरपंच तेच बोलला, सोसायटीचा चेअरमन तेच बोलला, कोण कुठला तुझ्या साडूचा भाऊ, तोही तेच बोलला. मी पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीचे हात आवळून बसलो होतो. माझी पाळी आल्यावर उठलो, फोटोला सलाम ठोकला आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, ग्यानूला गहिवरून आलं. गहिवर कसला डोंबलाचा! तोंड उघडलं असतं तर अशा शिव्या बाहेर पडल्या असत्या की तुझ्या नातवंडांना मांडवातनं उठवून न्यावं लागलं असतं.

मला तुझा सूड घ्यायचाय, हणमंता. तू माझा पन्नास वर्षांचा दोस्त, माझा सिनियर, माझ्या थोरल्याला कृष्णेत पोहायला शिकवणारा, आणि तूच असला दगा देऊन गेलास. जित्या माणसाशी भांडता येतं, त्याची कॉलर धरता येते. तू जाऊन बसलास फोटोत. म्हणून आता लिहून सूड घेणार आहे, आणि चारचौघांत घेणार आहे.

वाचणाऱ्याला आपली हकीगत ठाऊक नाही, म्हणून मुळापासनं सांगतो. वाईजवळच्या एकाच गावातनं आपण तिघं भरती झालो: तू, मी आणि बाळू. बाळू सीमेवर कामी आला तेव्हा त्याची पमी सहा वर्षांची होती. त्याची पेटी घेऊन गावात आलास तो तूच. पमीनं तुला विचारलं होतं, "नाना, ह्यात काय आणलंय?" तू तिला कडेवर घेतलंस आणि मळ्याकडं चालत सुटलास, ते दिवस मावळल्यावरच परत आलास. त्या दिवसापासनं ती तुझी लेक झाली. तिची शाळा, तिचं कॉलेज, तिची डॉक्टरी, सगळीकडं पालक म्हणून तू उभा. आता ती सांगलीला विश्रामबागेत हाडांची डॉक्टर आहे. जगाला डॉक्टर प्रमिला, आपल्याला पमीच. हे तू केलंस, आणि त्यासाठी तुझे पाय धरावे असं मला कैकदा वाटलेलं आहे. धरायचे राहून गेले. आता तर तुझ्या पायांचा विषय निघाला तरी माझं डोकं तडकतं.

कारण सगळं रामायण पायातच झालं. पाठीवर ओझी घेऊन डोंगर चढलेले गुडघे, साठीनंतर बोलायला लागले. उकिडवं बसता येईना, जिना उतरता येईना. पमीनं आपल्याला बोलावून घेतलं, त्या मोठ्या घुमणाऱ्या मशीनमध्ये एकेकाला झोपवलं, आणि फोटो समोर धरून समजावून सांगितलं.

"नाना, काका, तुमच्या सांध्याखालचं हाड आतनं सुजलंय, भुसभुशीत झालंय. भिंतीचा गिलावा वरनं बरा दिसतोय, पण आतली वीट खचलीय, असं समजा. तिथं सुईनं हाडातच भराव सोडायचा. तो आत जाऊन घट्ट होतो. पण ह्याचा खरंच उपयोग होतो का, हे मला माहीत नाही. तेच तपासायला आमचा अभ्यास चाललाय. निम्म्या लोकांना खरा भराव, निम्म्यांना नुसती सुई टोचायची, आत काही नाही. कुणाला काय दिलं ते बंद पाकिटात राहणार. तुम्हाला कळणार नाही, आणि दुखणं विचारणाऱ्या मुलीलाही कळणार नाही."

बाहेर आल्यावर तू मला काय म्हणालास, आठवतंय? "बघ ग्यानू, एवढी शिकली पर पोरीला गर्व न्हाई. सगळं म्हाईत असून म्हाईत न्हाई म्हणती." तिथंच, हणम्या, तिथंच तू माती खाल्लीस. पोरगी खरंच सांगत होती की तिला माहीत नाही. तुला तो तिचा विनय वाटला. मलाही थोडा वाटला, खोटं कशाला बोलू.

मग ते संमतीचे कागद. रूपाली नावाची एक मुलगी होती, अभ्यासाच्या नोंदी ठेवणारी. बिचारी पान न् पान मराठीत वाचून दाखवत होती. तू तिला मधेच थांबवून तुझ्या पहिल्या पोस्टिंगची गोष्ट सांगायला लागलास. ती हसून ऐकून घ्यायची आणि पुन्हा वाचायला लागायची. शेवटी तू म्हणालास, "बाळ, सही कुठं करायची तेवढं दाव." सुभेदाराची ऐटबाज सही ठोकलीस. तुझं बघून मीही ठोकली. त्या कागदात सहाव्या की सातव्या पानावर एक परिच्छेद होता. त्याच्याकडं मी येतोच, जरा दम धर.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे. पण तू सुभेदार! तुला एकट्यानं काही करणं कुठं जमतंय? पमीला माणसं कमी पडतात म्हटल्यावर तू आजूबाजूच्या गावांतनं गुडघेदुखीची सगळी जुनी पलटण गोळा केलीस. तू-मी धरून बारा म्हातारे, दोन जीप भरून सांगलीला. त्या छोट्या अभ्यासातली निम्मी माणसं तुझी. पमी म्हणाली, "नाना, तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं." तुझी छाती तेव्हा अशी फुगली की शर्टाची गुंडी तुटते की काय.

सुया झाल्या. महिन्यानं पहिली तपासणी. विश्रामबागेत दवाखान्याच्या फाटकाबाहेर ते गुलमोहराचं झाड आहे ना, त्याच्याखाली तू बाराच्या बारा जणांना फॉलिन केलंस. भररस्त्यात! कॉलेजची पोरं-पोरी थांबून बघायला लागली. कुणी काठी टेकून, कुणी कमरेवर हात ठेवून, बारा म्हातारे एका रांगेत. आणि तू हुकूम सोडलास.

"आत पोरगी आकडा विचारणार हाय. काय दुखत न्हाई तर शून्य, मरणाचं दुखतंय तर धा. नीट ऐका. डॉक्टर आपल्या बाळूची लेक हाय. तिचं तोंड पडाय नको. दोनच्या वर कुणी जायचं न्हाई!"

"सुभेदार, मग शून्यच सांगू की," कुणीतरी म्हणालं.

"शून्य सांगितलं तर खोटं वाटतंय. दोन सांगा. समजलं?"

आणि सगळे एका सुरात, "जी साब!"

मी हसलो होतो, हणमंता. त्या वेळी पोट धरून हसलो होतो. अरे, इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी आपण काय करायचो? दगडांना चुना, बुटांना पॉलिश, फाटकं ब्लँकेट खाली आणि नवं वर. साहेब विचारणार, "कोई तकलीफ?" आणि आपण ओरडणार, "सब ठीक है, साब!" जन्मभर तेच केलं. वरून विचारणाऱ्याला खरं सांगायचं नसतं, हे हाडात मुरलेलं. त्या हाडातलं दुखणं विचारायला कुणी आलं तर आपण दुसरं काय सांगणार होतो?

आत मात्र सगळेच काही आपल्या पलटणीचे नव्हते. जतकडची ती मेंढरंवाली म्हातारी आठवते? मायव्वा. रूपालीनं तिला विचारलं, "आजी, किती दुखतंय?" म्हातारी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली, "नऊ! नऊ लिव्ह. आन् उतार असला की धा!" तुला ते सहन होईना. तू उठून तिच्याजवळ गेलास. "म्हातारे, एवढी चांगली डॉक्टर, हातचं सोडून तुला बघती, अन् तू तिच्या तोंडावर नऊ म्हणतीस? काय रीतभात?" ती तुझ्याकडं खालपासनं वरपर्यंत बघत म्हणाली, "गुडगा तुजा हाय का माजा?" आपली सगळी रांग खदाखदा हसली. तुला राग आला. परतीच्या वाटेवर कराड येईपर्यंत तू म्हातारीला शिव्या घालत होतास, लय उपकार विसरणारी बाई म्हणून.

आता माझं सांगतो. माझा गुडघा खरंच बरा झाला होता. तिसऱ्या महिन्यात मी वाईच्या घाटावर खाली उतरून हात-पाय धुवून आलो, वर आल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी कठड्याला हात लावलाच नव्हता. माझा आकडा प्रामाणिकपणे दोन होता. त्यामुळं तुझ्या हुकमानं माझ्या जिवाला काही टोचलंच नाही. मला वाटलं, तुझंही तसंच असेल. दोघांची दुखणी सारखी, दोघांची सुई एकाच दिवशी झालेली.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीनंतर आपण कराडच्या अलीकडं चहाला थांबलो. सगळे उतरले, तू उतरेनास. मी परत आलो तर तू जीपच्या दांड्याला धरून, डोळे मिटून बसला होतास. कपाळावर घाम.

"किती हाय?" मी विचारलं.

"ग्यानू, कुणाला बोलू नगंस. आठ हाय."

"आरं मग सांग की पमीला! आता माघारी फिरू."

"बाळूच्या लेकीला जाऊन सांगू, की तुझी सुई वाया गेली? माझ्यानं न्हाई व्हायचं. बाळूची आण घे. माझा आकडा तुझ्या तोंडातनं भाईर पडणार न्हाई."

मी नको म्हणालो. तू माझा हात धरलास, आणि मी घेतली. बाळूची आण. तो चहा तसाच गार झाला. तिथनं पुढं तुझा प्रत्येक जिना मी मोजत होतो, तुझं प्रत्येक उठणं-बसणं बघत होतो, आणि तोंडाला कुलूप. पमीचा फोन यायचा, "काका, नाना बरे आहेत ना?" मी म्हणायचो, "बरा हाय की." हलकट मीही कमी नाही. तुझा सूड घेताना माझाही घेतोय, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

सहाव्या महिन्याला रूपालीनं तुला दोनदा विचारलं होतं. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. "आजोबा, नक्की दोनच ना? नीट आठवून सांगा. आज हा आकडा महत्त्वाचा आहे." तू मिशीवरनं हात फिरवलास. "लिही बाळ, दोन. आणि डॉक्टरांना सांग, सुभेदार खूश हाय." ती लिहीत होती आणि मी खाली फरशीकडं बघत होतो.

मग दोन-तीन महिन्यांमागचा तो घाट. तालमीच्या वस्तादांचं दहावं, वाईला, नदीवर. विधीला पाणी हवं होतं. भटजीनं तांब्या पुढं केला, आणि मी घ्यायला हात पुढं केला. माझा गुडघा धड होता रे! मी दोन मिनिटांत आणलं असतं. तू तांब्या हिसकावून घेतलास. "थांब तू. वस्ताद माझा हुता." आणि तरातरा खाली निघालास, पाठ ताठ, सगळा गाव बघतोय म्हणून. खालनं तिसऱ्या पायरीवर तुझा गुडघा वळला. आवाज न करता वळला. तू बसल्यासारखा खाली गेलास, तांब्या वाजत वाजत पाण्यात गेला. खुब्याचं हाड मोडलं. साताऱ्याला ऑपरेशन केलं, ते चांगलं झालं म्हणाले, पण पडून पडून छाती भरली. मी रोज यायचो. शेवटच्या दिवशी नर्सनं तुला विचारलं, "आजोबा, काही त्रास?" आणि त्या ऑक्सिजनच्या नळीतनं तू म्हणालास, "सब ठीक." तुझे शेवटचे शब्द. त्यावर गावानं फ्लेक्स छापला.

आता तुला ठाऊक नाही ते ऐक. ह्याच्यासाठीच मी हा कागद काढलाय.

तेराव्याला पमी आली होती. जेवणं उरकल्यावर ती वहिनींजवळ, तुझ्या बायकोजवळ, बसली आणि पिशवीतनं एक पत्र काढलं. अभ्यास संपला की प्रत्येकाला त्याचं पाकीट उघडून सांगायचं असतं, तुझं वहिनींना सांगायचं होतं. वहिनींनी पत्र माझ्याकडं सरकवलं. "भावजी, तुमीच वाचा." मी चष्मा लावून वाचलं. हणम्या, तुझ्या हाडात काही गेलंच नव्हतं. तुला नुसती सुई टोचली होती. आठ-आठचं दुखणं गिळून तू ज्या भरावाची अब्रू राखत होतास, तो तुझ्या वाट्याला आलाच नव्हता! तो माझ्या गुडघ्यात होता. मी पत्र घेऊन गोठ्यामागं गेलो आणि हसलो. म्हशीनं मान वळवून बघितलं इतका हसलो. मग पमी माझ्यामागं आली.

तिचा चेहरा उतरलेला होता. "काका, अभ्यास फुकट गेला. भराव भरलेले आणि नुसती सुई टोचलेले, दोघांचे आकडे सारखेच येतायत. जास्त करून दोनच. म्हणजे ह्याचा काही उपयोग नाही, असंच लिहून द्यावं लागणार. पण मला पटत नाही काका. तुम्ही जिना चढताना मी बघितलंय."

मी पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली.  ती बघत होती.

"काका, काय झालं? काही माहीत आहे तुम्हाला?"

"बाळूची आण हाय मला," मी म्हणालो. "तुझ्या बापाची. नानानं घातलीय."

  पमी लगेच म्हणाली, "बाप माझा आहे ना? मग मी सोडवते. सुटली. आता तुम्ही म्हणा, सुटली."

"सुटली," मी म्हणालो, आणि सगळं ओकलो. गुलमोहर, फॉलिन, दोनच्या वर कुणी जायचं न्हाई, कराडचा चहा, आठ.  सगळं ऐकून ती गोठ्याच्या खांबाला टेकली.

"काका," ती म्हणाली, "सहाव्या महिन्यात ज्याचं दुखणं चारच्या वर असेल, त्याचं पाकीट तेव्हाच उघडायचं ठरलेलं होतं. आत नुसती सुई निघाली तर त्याला लगेच खरा भराव द्यायचा. कागदात लिहिलं होतं. रूपालीनं वाचून दाखवलं होतं. मायव्वाचं पाकीट असंच उघडलं. तिला नंतर भराव दिला, आता ती मेंढरांमागं हिंडते. नानांनी पाच जरी म्हटलं असतं..."

 माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली, आणि रडता रडता माझ्या छातीवर मूठ आपटत राहिली. "माझ्यासाठी? माझ्यासाठी खोटं बोलायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" त्या मुठी तुझ्या होत्या रे. तू नव्हतास म्हणून मी खाल्ल्या.

हाच तो परिच्छेद. सहावं की सातवं पान. तू तेव्हा पोस्टिंगची गोष्ट सांगत होतास. म्हातारीला रीतभात शिकवायला गेलास, आणि ती आज उतारावरनं मेंढरं हाकतेय. तू घाटाच्या तिसऱ्या पायरीवर राहिलास. बोल आता. दे उत्तर. मी तुझ्या फोटोपुढं उभा राहून हेच विचारलं, मोठ्यानं विचारलं, तर तुझी सून घाबरून बाहेर आली.

पमीला म्हटलं, "झाकून टाक. मेलेल्या माणसाचा बोभाटा कशाला?" हो, मीच म्हटलं. शेवटी मीही तुझ्याच पलटणीचा. तिनं डोळे पुसले. "नाही काका. नीतिसमितीला कळवणार. माझ्या ओळखीची इतकी माणसं मी घेतली, ही माझीही चूक आहे. अभ्यास रद्द झाला तर होऊ दे. पुन्हा करीन. पण खोट्या आकड्यावर माझं नाव नको." तुझी लेक शोभते, आणि तुझ्यापेक्षा लाख पटीनं मर्द आहे.

समितीनं सांगितलं, प्रत्येकाचा जबाब घ्या. म्हणून काल मी दोन जीप काढल्या. वहिनी आपणहून पुढच्या सीटवर येऊन बसल्या. "मीबी येती," एवढंच म्हणाल्या. विश्रामबागेत त्याच गुलमोहराखाली मी अकरा जणांना फॉलिन केलं. तुझी जागा मुद्दाम मोकळी ठेवली.

"आज खरा आकडा सांगायचा," मी म्हणालो. "सुभेदाराचा हुकूम रद्द."

"सुभेदाराचा हुकूम तू कोण रद्द करणार? तू हवालदार," मागनं एक जण म्हणाला.

"सुभेदार मेला त्या हुकमानं," मी म्हणालो. काठ्या टेकत सगळे आत निघाले.

आत रूपाली यादी घेऊन बसली होती. जुने आकडे खोडायचे नसतात, असा त्यांचा कायदा आहे. जुना तसाच ठेवायचा, शेजारी नवा लिहायचा, आणि सही करायची. ती एकेक नाव घेत गेली. "सहा." "सात." "माझा खरंच दोन व्हता बाय, देवाशप्पत." "पाच." एकाला रडू आलं, तो नऊ म्हणाला. माझं नाव आलं, मी म्हटलं, "दोन. हा खरा दोन आहे." आणि सही केली. प्रत्येक आकडा शेजारच्या जुन्या दोनजवळ जाऊन बसत होता, आणि मला आतनं असं बरं वाटत होतं की काय सांगू. घे, म्हटलं, हणम्या. तुझ्या इन्स्पेक्शनचा चुना एकेक करून निघतोय. आता शेवटी तुझी पाळी. सगळ्यांसमोर, तुझ्या पलटणीसमोर, तुझ्या बायकोसमोर तुला खोटा ठरवणार.

रूपालीनं तुझं नाव घेतलं. हॉलमध्ये कुणी ओ दिली नाही. ती ओशाळली, पान उलटायला लागली.

"थांब बाळ," मी उभा राहिलो. "सुभेदार हणमंत. हाजिर न्हाईत. त्यांचा आकडा मला सांगितला होता. आठ."

रूपालीनं आठ लिहिलं आणि पेन माझ्याकडं केलं. इतके दिवस ज्यासाठी तडफडत होतो ते झालं होतं. मी सही करायला वाकलो, तेवढ्यात मागनं वहिनींचा आवाज आला.

"भावजी, आठ न्हाई."

मी वळलो. त्या पदर सावरत उठल्या होत्या.

"मी रोज तेल लावत हुते. पायाला हात लागला की उशी दातात धरायचे. मला वाटलं, तुमाला तरी खरं बोलले असतील. धा हुता, भावजी. पैल्या दिवसापासनं धा."

रूपालीनं आठ खोडलं नाही. त्याच्या शेजारी दहा लिहिलं. वहिनींनी तिथं सही केली, सावकाश, एकेक अक्षर जुळवत. एका रांगेत तीन आकडे झाले: दोन, आठ, दहा.

म्हणजे मलाही दोन कमीच सांगितलेस. हणम्या, लेका, मलाही?